बानाबाईच्या गळ्यातली सरी

मी चांदीची सरी. खुलताबादच्या सोनारानं मला घडवलं आणि लग्नात मी बानाबाईच्या गळ्यात पडले. तिचा नवरा मुंजाबा मेंढरं राखायचा. वीस वर्षं मी त्या गळ्यातून उतरले नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी तिला दाटायला लागले. गळा समोरून फुगत होता, अंग मात्र वाळत होतं. दोघांचं जेवायची, तरी गालफडं बसली. दूध ओतताना हात थरथरायचा. स्वस्थ बसली तरी गळ्याची शीर माझ्यावर धडधड आपटायची, जशी पळून आल्यावर आपटते. हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. पण मी पडले दागिना, मला कोण विचारतो?

गावातल्या डॉक्टरांना थायरॉईडचा संशय आला. औरंगाबादेत रक्त तपासून घ्या म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. मुंजाबा म्हणाला, लोकर कातरून झाली की जाऊ. कातरणी झाली, मग मेंढरं लांब चारायला न्यायची वेळ आली. चालतं-फिरतं माणूस दवाखान्यात कशाला, असं बानाबाईलाही वाटे.

एक दिवस तिची डावी पोटरी सुजली. मुरगळली असेल म्हणून थोरली जाऊ मंजुळाबाईनं दोन दिवस मायेनं तेल लावून चोळली. तिसऱ्या दिवशी सकाळी बानाबाईला दम लागला. छाती धरून ती चुलीपुढंच बसली. जीपनं औरंगाबादेत नेताना, छावणीच्या रस्त्यावर, माझ्यावर आपटणारी शीर मंदावली आणि थांबली.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुंजाबाला बाकावर बसवून समजावलं. गळ्यातली ग्रंथी जास्त काम करू लागली की काही जणांचं रक्त लवकर गोठतं. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली असावी; असा सुजलेला पाय चोळायचा नसतो. आधी कळतं तर गोळ्या होत्या का, असं त्यानं विचारलं. "होत्या," त्या म्हणाल्या.

वर्षश्राद्धाला त्यानं मला मंजुळाबाईपुढं ठेवलं. तिनं हात मागं घेतला.

"त्यो पाय मी चोळला, भावजी. माझ्या गळ्यात नगं."

मुंजाबानं मला परत उचललं. मग म्हणाला, "वैनी, तुम्हाला काय ठावं व्हतं? ठावं मला व्हतं."

तेव्हापासून मी पत्र्याच्या पेटीत पडून काळवंडले आहे. मला मोडलंत तरी तक्रार नाही. पण घरातल्या बाईचा गळा फुगताना, हात थरथरताना दिसला, तर कामं राहू द्या. तिला जवळ बसवून विचारा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.