लोडर आणि बाबांची कंबर

चार टायर, त्यांतले तीन एका कंपनीचे आणि चौथा पाहुणा. बकेटची खालची पट्टी डाव्या कोपऱ्यात अकरा मिलिमीटर झिजलेली. वेल्डिंगचे सात जोड, पाच मुळातले आणि दोन नंतर कुणीतरी घाईत मारलेले. जमिनीवर तेलाचे दोन डाग, एक जुना, एक बोट लावलं तर ओला. मीटरवर दोन हजार तीनशे सोळा तास. हे सगळं मी पहिल्या वीस मिनिटांत वहीत उतरवलं तेव्हा इंजिन अजून सुरूही झालं नव्हतं.

"झाली का जनगणना?" मिस्त्रीकाकांनी विचारलं. ते बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, आज आम्हा बापलेकींबरोबर यंत्र बघायला आलेले. पंप दुरुस्त करतात आणि कुठल्याही यंत्राला आधी कान लावतात.

"अजून रुंदी राहिलीय."

"घे बाई. नंतर वजन, उंची, रक्तगटही घे."

रुंदी एक मीटर अठ्ठावन्न भरली. आमचं फाटक एक मीटर सत्तर. म्हणजे बारा सेंटिमीटर मोकळे. मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली, पण मी फक्त आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

आमचं खताचं आवार आहे. पालापाचोळा, लाकडाचा भुसा आणि भाजीबाजारातली उरलीसुरली पानं यांचे अकरा ढीग. प्रत्येक ढीग दर आठवड्याला उलटावा लागतो, नाहीतर त्याचा श्वास कोंडतो आणि आत सगळं आंबतं. हे काम बाबा सत्तावीस वर्षं फावड्यानं करत आले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या कमरेतली चकती सरकली आणि फावडं सुटलं. मी एकटी जेमतेम चार ढीग उलटते. बाकीच्या सातांना वास सुटला, तेव्हा बाबा जेवताना, मीठ मागावं इतक्या सहज म्हणाले, "आवरतं घ्यायचं का आता?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुने लोडर शोधायला बसले.

हा लोडर फरशीवाल्या बाईंचा. नवरा-बायको लोकांच्या अंगणात फरशा बसवायचे. नवरा फरशा बसवायचा आणि लोडर बाई चालवायच्या. आता बाईंच्या गुडघ्यांना हे काम झेपेनासं झालं होतं, म्हणून तो विकायला काढला होता.

"मीटरवर जाऊ नका हं," त्या आपणहून म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वीच झोपलाय तो."

मिस्त्रीकाकांचा चेहरा उतरला. "मग यंत्राचं वय कळणार कसं? आंधळा कारभार झाला हा."

बाईंनी मागचं झाकण उघडलं. आतल्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाच्या उभ्या रेघा होत्या. मी मोजल्या. चौदा.

"इंजिनचं तेल बदललं की एक रेघ," बाई म्हणाल्या. "मीटर चालू होता तोवर अडीचशे तासांनी. नंतर तीस अंगणांनी."

"तीसच का?"

"आधीच मोजून ठेवलं होतं ना. अडीचशे तासांत तीस अंगणं होतात. एखादं मोठं, एखादं टीचभर, पण गोळाबेरीज तेवढीच."

मी कान टवकारले. "मीटर बंद पडला तेव्हा किती रेघा होत्या?"

"नऊ. आणि वर आठ अंगणं."

नऊ रेघांचे दोन हजार दोनशे पन्नास. आठ अंगणांचे सहासष्ट. मी बेरीज केली आणि पुन्हा मीटरकडे पाहिलं. दोन हजार तीनशे सोळा. माझ्या अंगावर काटा आला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन वर्षांत माझा एकही प्रयोग इतका चोख जुळला नव्हता. चौदाव्या रेघेनंतर अकरा अंगणं झाली होती. यंत्राचं खरं वय सुमारे छत्तीसशे तास.

"चार हजारांच्या आत म्हणजे अजून तरुण आहे," मिस्त्रीकाका म्हणाले. तेलाचा दाब टिकतो का ते बघायला त्यांनी भरलेली बकेट वर नेऊन इंजिन बंद केलं, सगळ्यांना लांब उभं केलं आणि दहा मिनिटं घड्याळाकडे बघत राहिले. बकेट जेमतेम एक बोट खाली आली.

"कुणाचं बोट?" मी विचारलं.

"माझं. तुझी बोटं कसली, त्या काड्या."

मी टेप लावली. बावीस मिलिमीटर.

"घेऊन टाक रे," काका बाबांना म्हणाले.

बाबांनी यंत्राला अजून हातही लावला नव्हता. ते लोडरच्या समोर उभे होते, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की ते कशाकडे बघताहेत. या लोडरला बाजूनं दार नसतं. दोन्ही बाजूंना लोखंडी हात, मागे इंजिन. आत शिरायचं ते समोरून, बकेटवर चढून, वाकून. मी यंत्र मोजलं, फाटक मोजलं, आणि चालवणारा माणूस मोजायची विसरले.

बाबांनी बकेटवर पाय ठेवला, डोकं आत घातलं आणि अर्ध्यातच थांबले. हात कमरेकडे गेला.

"काही नाही," ते म्हणाले. बाबांचं नेहमीचं उत्तर.

काकांनी उगाच टायरला लाथ मारली. मी वही मिटली.

"दादा, खाली या आधी," बाई म्हणाल्या. "तोंड पुढे करून काय शिरताय? मांजर शिरतं तसं. पाठ आधी." त्यांनी स्वतः करून दाखवलं. बकेटवर चढून त्या वळल्या, आमच्याकडे तोंड केलं, दोन्ही दांडे धरले आणि न वाकता, गुडघ्यात थोडं बसत मागे सरकल्या. "चार वर्षं अशीच शिरतेय. गुडघ्यांनी शिकवलं."

बाबा पाठमोरे शिरले. बसले. मांडीवरचा आडवा दांडा खाली घेतला.

पहिल्याच वळणाला लोडरनं जागच्या जागी गिरकी घेतली. त्याची चाकं वळत नाहीत, एका बाजूची थांबतात आणि दुसऱ्या बाजूची पळतात. बाबा आतून मोठ्यानं हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"ती वाळू त्या भिंतीशी न्या," बाई ओरडून म्हणाल्या. "माझंही काम होईल."

"बघा, गिऱ्हाइकालाच राबवून घेताहेत," काका म्हणाले.

सोळा बकेटा. एकोणीस मिनिटं. आमचा एक ढीग साधारण एवढाच, आणि तो उलटायला मला अख्खी सकाळ लागते. पण दर बकेटला यंत्र दणका देत होतं, आणि मी वाळूकडे न बघता बाबांच्या पाठीकडे बघत होते.

ते उतरले.

"कसं वाटतंय?"

"काही नाही."

या उत्तरावर माझा विश्वास नव्हता. फिजिओथेरपिस्टनं घरी एक माप शिकवलं होतं: गुडघे सरळ ठेवून वाकायचं आणि बोटांची टोकं जमिनीपासून किती वर राहतात ते मोजायचं. त्या सकाळी एकतीस सेंटिमीटर होतं. छत्तीसच्या वर गेलं तर ते काम बंद, असं तिनं बजावलं होतं.

"बाबा, वाका."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"वाक रे," काका म्हणाले. "पोरीपुढे आता यंत्रही वाकलं असतं."

बाबा वाकले. बाईंनी टेपचं खालचं टोक जमिनीवर दाबून धरलं, मी वरचं त्यांच्या मधल्या बोटाशी नेलं आणि दोनदा वाचलं.

बत्तीस सेंटिमीटर.