वरचा ओठ झाला, खालचा राहिला

पातेल्यावरचं झाकण खडखडलं तेव्हा घर अजून निजलेलं होतं. मी गॅस बंद केला, झाकण उचललं आणि दुधाची वाफ नाकात जाताच तशीच बेसिनकडे धावले.

"काय गं, पित्त का?" नवऱ्याने अंथरुणातूनच विचारलं.

"असेल," मी म्हटलं.

दुधाचा वास मला जन्मात एकदाच नकोसा झाला होता, आमची खारू पोटात होती तेव्हा. ती आता पावणेचार वर्षांची आहे. पाळी माझी कधीच वेळेवर येत नाही, त्यामुळे दिवस मोजायची सवयच मोडलेली. आता बेसिनला धरून मोजायला लागले तर बोटं पुरेनात. नजर वर आरशात गेली आणि वरच्या ओठावर थांबली.

तो ओठ पाच आठवड्यांपूर्वी भरून घेतला होता. मी त्वचेच्या दवाखान्यात मदतनीस आहे. आमच्या मॅडम शिकाऊ डॉक्टरांना ओठात फिलर, म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून टोचायचं जेल, कसं भरायचं ते शिकवतात, आणि त्यासाठी खरेखुरे ओठ लागतात. "तुझे अगदी दोऱ्यासारखे आहेत, बस की," मॅडम म्हणाल्या आणि मी बसले. फुकट होतं म्हणून नव्हे. बाळंतपणानंतर माझा चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखा दिसायचा. आरशात पूर्वीची बाई एकदा तरी भेटावी, एवढंच वाटत होतं. पहिल्या खेपेला वरचा ओठ झाला. खारू म्हणाली, "आई, तू बदक झालीस!" आणि दिवसभर क्वॅक क्वॅक करत माझ्या मागे फिरली. खालचा आज व्हायचा होता, अकरा वाजता.

वाटेत औषधाच्या दुकानातून चाचणीची पट्टी घेतली आणि पर्सच्या तळाशी दडवली. दवाखान्यात पाय ठेवते न ठेवते तोच टाचणीने पकडलं. ती आमच्या काउंटरवर बसते. बोलणं टोचरं, म्हणून टाचणी.

"शिकाऊ मंडळी येऊन बसलीत, आणि महाराणी आत्ता उगवतायत! बस, क्रीम लावते."

"थांब गं, मला जरा आत—"

"आधी क्रीम. ओठ बधीर व्हायला वीस मिनिटं लागतात, तोवर कुठं जायचं तिथं जा. आणि तोंड बंद ठेव, जमलं तर." तिने ओठांवर क्रीम थापलं आणि हातात फॉर्म दिला. "हा भर."

बारा प्रश्न. सातवा: गरोदर आहात का, किंवा असण्याची शक्यता आहे का? हा प्रश्न मी रोज दहा-बारा बायकांना विचारते. एखादी घुटमळली तर 'आधी खात्री करून या' म्हणून परत पाठवते. आणि पाच आठवड्यांपूर्वी माझ्या स्वतःच्या फॉर्मवर मी काय केलं होतं? 'नाही'च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ ओढली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

फॉर्म कोराच ठेवून मी बाथरूममध्ये गेले. पट्टीवर पहिली रेघ लगेच आली. दुसरी हळूहळू उमटली, आधी फिकट, मग चांगली ठसठशीत. एरवी मी नाचले असते. दुसरं हवंच होतं आम्हाला. पण मी कडीला धरून उभी राहिले आणि मला एवढंच दिसत होतं, की पाच आठवड्यांपूर्वी त्या खुर्चीत आम्ही दोघं बसलो होतो, आणि विचारलं फक्त एकालाच होतं.

दारावर थाप पडली. "अगं, मॅडम थांबल्यात!"

आत आठ जण खुर्चीभोवती कोंडाळं करून उभे होते. दिवा थेट तोंडावर. एवढ्या अनोळखी लोकांसमोर हे कसं सांगायचं, नवऱ्यालाही अजून माहीत नाही, असा विचार करत मी आडवी झालेही. मॅडमनी ओठ पुसला, पेन्सिलीने खुणा केल्या. "इथे बघा, सुई या कोनात." सुई जवळ आली. मी त्यांचं मनगट धरलं.

"हलू नकोस!"

"मॅडम, मी... मी गरोदर आहे."

बधीर ओठांतून ते कापसातून बोलल्यासारखं आलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग अर्थ कळला आणि हसू तिथेच जिरलं.

मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "सगळे बाहेर. चहा घेऊन या."

दार लागल्यावर त्यांनी खालच्या ओठावरच्या खुणा स्वतः पुसल्या. "कधी कळलं?"

"आत्ता. पण मागच्या वेळीही असणार."

मी उठून बसले. "विरघळवायचं इंजेक्शन आहे ना आपल्याकडे? आत्ताच्या आत्ता काढून टाका हे."

"नाही."

"का नाही?"

"ओठ काळानिळा पडला असता, रक्त अडलं असतं, तर वेगळी गोष्ट. चांगल्या ओठात उगीच आणखी एक औषध मी टोचणार नाही. त्याचीही खात्री कुणी देत नाही."

"मग बाळाला काही होणार नाही ना? तेवढं तरी सांगा."

"बहुतेक नाही. ते भरलं तिथेच राहतं. त्यात बधीर करायचं औषध होतं, पण जेमतेम. वाईट काही मी तरी ऐकलेलं नाही. पण सुरक्षित आहे असं लिहून दे म्हणालीस, तर माझा हात चालणार नाही. गरोदर बायकांवर हे कुणी तपासून पाहिलेलंच नाही. पोटातल्या जिवावर असले प्रयोग कोण करणार?"

"म्हणजे ठाऊक नाही."

"ठाऊक नाही." त्यांनी हातमोजे काढले. "आणि तुझी ती रेघ मी पाहिली होती. आपलीच पोरगी म्हणून विचारलं नाही. बाहेरची असती तर विचारलं असतं. आज सुट्टी घे, बाळंतपणाच्या डॉक्टरांना दाखव. काही लपवू नकोस."

तिथेही तेच ऐकलं. सोनोग्राफी दोन आठवड्यांनी.

घरी आले तेव्हा नवरा खारूला मांडीवर घेऊन तिची नखं कापत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. नेलकटर थांबलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, आणि माझं बोलणं संपेपर्यंत तो कुठे गेला कळलं नाही.

"ओठ भरायच्या आधी मला विचारलंही नाहीस."

"ओठ माझा होता."

"होता. आणि आता?"

त्यालाच बोलून वाईट वाटलं असावं. सरकून त्याने शेजारी जागा केली. "बस. सोनोग्राफीपर्यंत काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची."

"मी येईन सोबत."

खारू एक हात तसाच पुढे धरून कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. "आई, तुझ्या पोटात बाळ आहे?"

"हो गं, सोन्या."

"आणि तुला सुई टोचली, तेव्हा ते आत होतं?"

"हो."

ती उतरली, माझा कुर्ता वर केला आणि पोटाला तोंड लावून काहीतरी सांगायला निघाली. मग अडली. कपाळाला आठी घालून तिने वर पाहिलं.

"आई, सॉरी म्हणू का त्याला? आधी सांग ना, त्याला लागलंय का?"