माह्या हातची पहिली कॉइल

मले राग लवकर येते, हे तुमसरात सर्वांले माहीत आहे. पण त्या दिवशीचा राग खरा होता.

सेवकरामभाऊंच्या वर्कशॉपात जळालेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होतात. मी हातमागवाल्याच्या घरची. धागा ढिला सोडायचा नाही हे हाताले लहानपणापासून ठाऊक, म्हणून भाऊंनी मले तार गुंडाळायच्या कामावर घेतलं. सात महिने मी जुने कारागीर भोजराजजी यांच्या बाजूले बसून तारेच्या थरांमधात घालायचा कागद नुसता कापला. मग सिहोऱ्याकडचा एक ट्रान्सफॉर्मर आला अन् भाऊ म्हणाले, "याची कॉइल पूर्ण तूच कर. टेस्टिंगमध्ये पास झाली तर तू पक्की कारागीर. नाही तर कागदच काप."

अकरा हजार व्होल्टची कॉइल. फेऱ्याले फेरा चिकटून अन् दर थरावर कागद. दोन दिवस भट्टीत सुकवली, टाकीत उतरवली, तेल भरलं, नारळ फोडला, झाकण लावलं.

मग तेलाची चाचणी. टाकीच्या खालच्या नळातून भांड्यात तेल घेतात. भांड्यात पितळेचे दोन गोळे, मधात अडीच मिलिमीटर जागा. व्होल्टेज वाढवत न्यायचं. तेल चांगलं असलं तर पन्नास हजारांपर्यंत ठिणगी पडत नाही. आमच्या तेलात चौदा हजारांवरच पडली.

"कागदात ओल राहिली," भोजराजजी म्हणाले. "बायकायचं काम आहे, घाई करतात."

माह्या डोक्यात तिडीकच गेली. "भट्टीची वही पाहा न जी. दर तासाचं रीडिंग लिहिलं आहे. काहून मले बोलून राहिले? टाकी खाली करा अन् पाहा."

भाऊंनी तेल काढायले लावलं. तळाशी वाटीभर पाणी निघालं. कागदाच्या ओलीचं एवढं पाणी होत नाही. अन् त्या पाण्यात खोबऱ्याचा एक टवका होता.

सेवकरामभाऊंनी तो टवका उचलला अन् म्हणाले, "चूक माही आहे. दर वेळी झाकण लावल्यावर नारळ फोडतो. या वेळी तुही पहिली कॉइल, म्हटलं देवाचा आशीर्वाद आतपर्यंत जाऊ दे. टाकीच्या काठावरच फोडला."

सगळे हसले. मले नाही हसू आलं. माणूस माह्या भल्यासाठी करायले गेला अन् माहीच कॉइल भिजवली, आता रागवू तरी कोणावर?

कॉइल बाहेर काढली, गरम तेलानं धुतली, पुन्हा भट्टीत घातली. तीन दिवस मले अन्न गोड लागलं नाही. या वेळी नवं तेल साठ हजारांवर टिकलं. उरली कॉइलची चाचणी, अठ्ठावीस हजार व्होल्ट, पुरा एक मिनिट. आम्ही टेस्टिंगच्या जागेभोवतीच्या जाळीबाहेर उभे राहिलो. भोजराजजी घड्याळ पाहून सेकंद मोजत होते अन् मी मीटरचा काटा पाहत होती. चाळीस झाले, पन्नास झाले, साठ झाले. काटा जागचा हालला नाही.

"पास," भाऊ म्हणाले.

भोजराजजींनी घड्याळ खिशात टाकलं. मग माह्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माही सून दहावी झाली आहे. घरीच बसून राहते. तिले शिकवशील काय?"

"सोमवारी पाठवा," मी म्हटलं, अन् तिथंच सर्वांसमोर मले रडू आलं.