वारा सांगणारा

"काका, उठला का तुमचा भाऊबंद?" रेडिओवर मनोऱ्यातल्या कारकुनाचा आवाज खरखरला.

"बसलाय अजून," सगळे ज्याला पुतळा म्हणत तो म्हणाला.

पुतळ्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर, धावपट्टीलगतच्या ओल्या गवतात पाणलावा दबून बसला होता. मातकट पाठ, बोटाएवढी लांब चोच. माणूस अगदी अंगावर येईपर्यंत हा पक्षी हलत नाही आणि उडाला की असा वेडावाकडा उडतो, की भल्याभल्यांचा नेम चुकतो. इंग्रजीत त्याला स्नाइप म्हणतात. ज्याला तो टिपता येई तो स्नायपर, असं सैन्यातल्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुतळ्याने ही गोष्ट एकदा चहा पिताना सांगितली आणि विमानतळावरचे सगळे पाणलावे त्याचे भाऊबंद होऊन बसले.

"मीही स्नायपरच की, काका! मोबाइलवरच्या लिलावात शेवटच्या सेकंदाला बोली लावतो, त्यालाही स्नायपिंगच म्हणतात. समोरचा गार!"

"बरं."

"हसा की जरा. पुतळा तो पुतळाच."

हे नाव सैन्यातलं. दगडाआड सहा-सहा तास तो पापणी न हलवता पडून राहायचा. आता पन्नाशी उलटल्यावर विमान उतरायच्या आधी पक्षी हाकलायचे, एवढंच काम. बंदूक देऊ केली होती. त्याने पत्र्याचा डबा मागून घेतला. डबा वाजवला तसा पाणलावा उडाला, तीनदा वळला आणि कुंपणापलीकडे गेला.

"काका," कारकुनाचा सूर बदलला, "फाटकावर एक बाई आल्यात. वहिनी आल्यात म्हणून सांगा, म्हणतात."

वहिनी म्हणजे वारेवाल्याची बायको. स्नायपर कधी एकटा नसतो. एक बंदुकीशी आणि दुसरा त्याच्या शेजारी, दुर्बिणीतून अंतर आणि वारा सांगणारा. पुतळ्याचा वारा सात वर्षं एकाच माणसाने सांगितला. तो वारेवाला लढाईत जाऊन आता सतरा वर्षं झाली होती. दरवर्षी पुतळा त्यांच्या घरी जायचा, वारेवाल्याच्या आईजवळ तासभर बसायचा आणि परत यायचा.

शेडखालच्या बाकावर वहिनी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. वर्षभरात केस पार पांढरे झाले होते.

"सासूबाई गेल्या, भाऊजी. महिना झाला."

"कळवलं नाहीत?"

"कळवायला नाही, विचारायला यायचं होतं. म्हणून थांबले." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "म्हातारी रोज सकाळी हात जोडायची. देवा, माझ्या लेकाला झटक्यात नेलंस, तेवढे उपकार केलेस, म्हणायची. सतरा वर्षं. तिच्यादेखत कसं विचारणार?"

पुतळ्याने रेडिओचा आवाज कमी केला.

"त्यांना घरी आणलं, तेव्हा मूठ मी उघडली होती. आत गवत होतं, मुळांसकट. झटक्यात गेलेला माणूस गवत उपटतो का हो?"

आपल्या छातीत आता काहीतरी होईल म्हणून त्याने वाट पाहिली. काही झालं नाही. मग अहवाल द्यावा तसा तो सांगू लागला.

"गोळी पोटात लागली. सकाळी साडेदहाला. तीनपर्यंत होता."

"साडेचार तास."

"हो."

"आणि तुम्ही?"

"शेजारी. हातभर अंतरावर."

"पाणी मागितलं?"

"एकदा. बाटली माझ्या कमरेला होती." तो धावपट्टीकडे बघत होता. "खाली घळीत आपली अकरा माणसं अडकली होती. समोरच्या टेकडीवर त्यांचा बंदूकवाला. त्याने गोळी अंदाजाने झाडली होती; मी हललो असतो तर त्याला नेमकी जागा कळली असती. मग ती अकरा वर आली नसती. मी हललो नाही."

"हात तरी धरायचा होतात, भाऊजी."

"नाही धरला."

वहिनींनी बोटाला गुंडाळलेला बंद सोडवला.

"ओरडले असतील ना?"

"नाही, वहिनी. गवत धरून ठेवलं होतं. आणि वारा सांगत होता. डावीकडून, हळू. आता पडला. आता परत डावीकडून. मध्येच भ्रमात तुमच्याशी बोलायचा, दार लावून घे म्हणायचा. मग परत वारा. तीनला त्या बंदूकवाल्याने डोकं वर काढलं. याने वारा सांगितला, मी गोळी सोडली. वळून पाहिलं तर..."

वहिनींनी डोळे मिटले. ओठ हलत होते. प्रार्थना असेल, नाहीतर आकडे मनाशी परत म्हणून बघत असतील.

"म्हातारीला मीच खोटं सांगितलं," तो म्हणाला. "कागदावरही तेच लिहिलं. तुम्ही काय म्हणाल ते मला मान्य आहे."

"भाऊजी, एकच सांगा. शेवटचा वारा बरोबर सांगितला होता?"

"तंतोतंत."

"आणि ती अकरा?"

"सगळी घरी गेली."

त्यांनी मान हलवली. मुलाचा निकाल ऐकावा तशी, अगदी हळू.

"काका, आठ मिनिटं!" रेडिओ खरखरला. "पट्टी मोकळी करा."

पुतळ्याने उठायला गुडघ्यांवर हात टेकले. गुडघे ऐकेनात. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हुकूम झाला की अंग उठायचं.

वहिनी उभ्या राहिल्या. पिशवी खांद्याला अडकवून त्यांनी हात पुढे केला.

"उठा. विमान खोळंबलंय."

पुढे आलेला तो हात तो नुसता पाहत राहिला. नखं कापलेली, धुण्याभांड्याने राठ झालेला.

"काका? ऐकताय ना?"

त्याने हात धरला. तो उभा राहिला, तरी वहिनींनी हात लगेच सोडला नाही. पट्टीच्या कडेपर्यंत दोघं तशीच चालत गेली.