पत्नीला विचारावे

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काटेवाले खाटेवर मांडी घालून फॉर्म भरायला बसले, तेव्हा त्यांची बायको शेजारच्या स्टुलावरून बघत होती. छाती उघडणार म्हटल्यावर माणसाने घाबरावं, निदान बायकोवर खेकसावं तरी. हे गृहस्थ चष्मा पुसून पुसून एकेक रकाना भरत होते, जसा काही दुसऱ्याच कोणाच्या काट्याचा दाखला लिहायचा होता.

बाजारातले वजनकाटे तपासायचे, दुरुस्त करायचे आणि प्रमाणपत्र लिहून द्यायचं, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा धंदा. म्हणून सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा आणि तिला काटेवालीणबाई. तिला ते मुळीच आवडत नसे, पण सांगते कोणाला! प्रमाणपत्रात एक जरी जागा कोरी राहिली तरी ते रद्दी, असा काटेवाल्यांचा खाक्या होता. गॅसच्या अर्जापासून वाचनालयाच्या अर्जापर्यंत त्यांनी जन्मात एक रकाना मोकळा सोडला नव्हता.

शेवटच्या पानावर एक ओळ होती : ऑपरेशन चालू असताना ऐनवेळी काही बदल करावा लागल्यास कोणाला विचारावे?

"हे नाही भरलं तरी चालतं काका," नर्स म्हणाली. "मग डॉक्टरच ठरवतात काय ते."

"चालतं कसं?" काटेवाले म्हणाले, आणि त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'पत्नीला विचारावे.'

"अहो, माझं कशाला लिहिताय?" ती म्हणाली.

"मग काय कोरं सोडू? आणि तुला माहीतच आहे काय सांगायचं ते. नाही म्हणायचं. काहीही झालं तरी नाही."

तिने मान डोलावली. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्या वेळी ती ओरडली असती, फॉर्म फाडला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं, असं तिला नंतर हजारदा वाटलं.

आता हे 'नाही' म्हणजे काय, ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी काटेवाल्यांना कत्तलखान्यात बोलावणं आलं होतं. जिवंत जनावर उभं करून तोलायचा मोठा काटा तिथे बसवायचा होता. काटा बसला, आणि तपासणीसाठी एका डुकरिणीला वर उभं केलं. ती बिचारी मुकाट उभी होती, कान सुद्धा हलवत नव्हती, तरी काट्याची सुई थरथरत राहिली. काटेवाल्यांना वाटलं, आपल्याच कामात खोट आहे. त्यांनी काटा खोलला, साफ केला, तेल घातलं, पुन्हा तिला उभं केलं. सुई थरथरतच होती. शेवटी तिथला माणूस हसायला लागला. "काटा बरोबर आहे हो. पोटात पिल्लं आहेत तिच्या, ती हलताहेत." असं म्हणून त्याने अंदाजे एक आकडा लिहिला आणि तिला पुढे हाकललं.

काटेवाले घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरातलं मांस बंद, आठवड्यात अंडी बंद, महिन्यात दूध, लोणी, मध सगळं बंद. चामड्याच्या चपला गेल्या, लोकरीचा स्वेटर गेला. औषधाची कॅप्सूल सुद्धा हा माणूस उघडून आतली पूड चाटायचा आणि वरचं टोपण टाकून द्यायचा, कारण ते म्हणे हाडांपासून करतात. बायकोच्या नाकी नऊ आले. दुकानात उभं राहून बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचता वाचता तिला चष्मा लागला.

धाकट्या भाऊजींना तर चेवच यायचा. घरी आले की ते दादाला डिवचायचे. "अरे, तू भाजी खातोस त्या शेतात नांगर फिरतो तेव्हा उंदीर मरत नाहीत काय? वाघाला सांग जा पथ्य! आणि तू एकट्याने सोडून कत्तलखान्याला कुलूप लागणार आहे का?"

काटेवाले चिडायचे नाहीत, हेच तर दुखणं होतं. ते शांतपणे म्हणायचे, "कुलूप लागणार नाही. उंदीरही मरत असतील. पण जेवढं माझ्या हातात आहे तेवढं तरी मी कमी करतो. वाघाला दुसरं जमत नाही, मला जमतं."

तिला दोघांचंही पटायचं, ही तिची पंचाईत. भाऊजींच्या घरी गेली की ती दुधाचा चहा गुपचूप पिऊन यायची आणि दारात शिरण्याआधी चूळ भरायची. पण ती डुकरीण तिच्याही डोक्यातून कधी गेली नाही. स्वतः पाहिली नव्हती तरी दिसायची. नऊ वर्षांत मांसाचा वास सुद्धा तिला नकोसा झाला होता. नवऱ्याचं चुकतंय असं छातीवर हात ठेवून तिला कधी म्हणता आलं नाही, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

मग काटेवाले बाजारात दोनदा चक्कर येऊन पडले. हृदयातली एक झडप दगडासारखी कडक झाली होती. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक झडप जनावराच्या हृदयावरच्या पातळ पडद्यापासून केलेली, दुसरी धातूची. धातूची बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. "तुमच्या कामात रोज हाताला कापतं, मग रक्त थांबायचं नाही," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वयाला मी पहिलीच सांगेन."

"धातूची," काटेवाले म्हणाले.

डॉक्टर सरळ माणूस होते, त्यांनी काही लपवलं नाही. ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे इंजेक्शन देतात, तेही जनावरापासूनच काढलेलं असतं, असं त्यांनी सांगून टाकलं. काटेवाले दोन दिवस बाजारात गेले नाहीत. खिडकीशी बसून राहिले. तिला वाटलं, आता हे ऑपरेशनच नको म्हणतात.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "इंजेक्शन येईल आणि जाईल. त्याला दुसरा इलाज नाही म्हणतात, तर घेतो. पण झडप माझ्यात राहणार. दुसरा इलाज असताना जनावराची घेतली, तर या नऊ वर्षांना काय अर्थ राहिला?"

"आणि तुम्हीच राहिला नाहीत तर कशाला अर्थ राहिला?" तिने विचारलं. त्यावर त्यांनी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सकाळी आठला त्यांना आत नेलं. ती आणि भाऊजी बाहेरच्या बाकावर बसले. समोर एक दार, त्याला गोल काच, आणि काचेपलीकडे दुसरं दार. भाऊजींनी चहा आणून दिला, दुधाचा. तिने पेला हातात धरला, तो तिथेच थंड झाला.

नऊ वाजले, दहा वाजले. तिच्या डोक्यात तेच ते चक्र. जनावर तर केव्हाच मेलंय. आपण नाही म्हटलं म्हणून ते काही उठून चालायला लागणार नाही. पण असं प्रत्येकजण म्हणतो, म्हणून तर पुढचं जनावर मरतं, हेही तिला कळत होतं. नवऱ्याचाच आवाज तिच्या डोक्यात बसून तिला उत्तरं देत होता. तो आवाज बंद पडला तर काय?

"वहिनी, काही विचारायला येणार नाहीत ते," भाऊजी म्हणाले. "उगाच जीव जाळू नका."

पावणेअकराला पहिलं दार उघडलं. डॉक्टर स्वतः आले होते, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढलेला. ती उभी राहिली.

"ऐका, वेळ थोडा आहे," डॉक्टर म्हणाले. "आतल्या कडा वाटल्या होत्या त्याहून फार ठिसूळ आहेत. धातूची झडप टाक्यांनी बसवावी लागते, आणि कडा फाटल्या तर ते टेबलावरून उठणार नाहीत. जनावराच्या पडद्याची एक आहे, ती टाक्यांशिवाय बसते. त्यांनी काय सांगितलंय ते मला माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला विचारायला आलो. ती बसव..."

"बसवा," ती म्हणाली.

डॉक्टरांचं वाक्य पुरं सुद्धा झालं नव्हतं. दार पुन्हा लागलं. भाऊजी तिचा खांदा थोपटून "शाब्बास वहिनी" म्हणाले, आणि तिला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

काटेवाले वाचले. दोन दिवसांनी त्यांना साध्या वॉर्डात आणलं. चेहऱ्यावर रंग आला, भाताची पेज पचली, नर्सच्या रक्तदाबाच्या यंत्राला त्यांनी नावं ठेवली. सगळं छान चाललं होतं आणि ती आतून कोसळत होती. आज सांगू, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "आज राउंडला मी त्यांना सांगणार आहे. त्यांचा हक्क आहे तो. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं."

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांचंही झडपेचंच ऑपरेशन, आठवड्यापूर्वीचं. दुपारी ते छातीशी उशी धरून सावकाश चालत आले. "तुमची धातूची ना? माझीपण. वाजते बघा, घड्याळासारखी! आमची ही म्हणते, तोंड मिटलं तरी तुमची कटकट काही थांबत नाही."

काटेवाल्यांनी कान दिला. खरंच, बारीक टिकटिक येत होती. ते लहान मुलासारखे खुलले. "अगं, इकडे ये. माझी ऐक बरं. मला काही ऐकू येत नाहीये, पट्टी जाड असेल."

ड्रायव्हर आपल्या खाटेकडे वळले. तिने वाकून कान त्यांच्या छातीजवळ नेला. आत ठोके पडत होते, मऊ, संथ, एकतीस वर्षं तिने उशीशी ऐकले होते तसेच. हो म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण जन्मात ज्या माणसाने एक खोटा आकडा लिहिला नाही, त्याच्या छातीवर कान ठेवून तिला खोटं बोलवेना.

"नाही वाजत," ती म्हणाली. "वाजणारही नाही."

काटेवाले तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं. कळलं ते तिला दिसलं.

"तुला विचारलं त्यांनी?"

"हो. धातूची बसवली असती तर तुम्ही उठला नसतात."

"आणि तू..."

"पुरतं विचारूही दिलं नाही मी."

त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी ओघळून कानात गेलं. "मी बजावलं होतं तुला," ते हळू म्हणाले. "दुसरं काही मागितलं नव्हतं मी कधी."

हे मात्र तिला झोंबलं. तीन दिवसांची भीती एकदम संताप होऊन वर आली. "मला कळत नाही का तुमचं? नऊ वर्षं कोणी रांधलं तुम्हाला? पण मला जिवंत नवरा हवा होता, झालं! आणि तुम्ही सांगा ना. मी आत असते, तुम्ही बाहेर, आणि मी असंच बजावून गेले असते, तर काय सांगितलं असतंत डॉक्टरांना?"

तिला वाटलं, जिंकले. आता ते म्हणतील, वेडी आहेस का, हे काय विचारणं झालं? निदान चिडतील, निदान गप्प बसतील. ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

काटेवाल्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, बराच वेळ.

"नाही म्हणालो असतो," ते म्हणाले. "तू सांगून गेली असतीस तर नाहीच म्हणालो असतो. मग मीही फार दिवस काढले नसते. पण नाहीच म्हणालो असतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. हे प्रेम होतं की दुसरंच काही, ते तिला ठरवता येईना, आणि विचारायचा धीरही होईना.

तेवढ्यात डॉक्टर आले. दोघांची तोंडं बघून त्यांना समजलं, बोलणं झालंय. त्यांनी नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली, नाडी बघितली.

"फार सुरेख," ते म्हणाले. "आता पंधरा वर्षं तरी काळजी नाही. आरामात जाऊ देत पंधरा वर्षं दोघांची."

"नशीब काढलंत वहिनी!" ड्रायव्हर पलीकडून ओरडले.

काटेवाले भिंतीकडे बघत होते. पंधरा वर्षं, ती मनात म्हणाली, आणि खाटेखाली त्यांच्या चपला शोधायच्या निमित्ताने वाकली, म्हणजे तिचं तोंड कोणाला दिसणार नाही.