सासूबाईंचं सागरी इंग्रजी

बंदराजवळच्या सागर संग्रहालयात सासूबाई कैक वर्षं तिकीट खिडकीवर बसायच्या. आतली प्रत्येक वस्तू त्यांना ठाऊक होती. पण ती लोकांना दाखवत हिंडायचं तर मार्गदर्शकाची तोंडी परीक्षा द्यावी लागे, तीही इंग्रजीतून. गेल्या वर्षी त्या बसल्या आणि साफ आपटल्या. देवमाशाच्या सांगाड्याला 'नॉटिकल' म्हणाल्या, होकायंत्राला 'मरीन'!

घरी येऊन त्यांनी पर्स सोफ्यावर फेकली. "आपल्याकडे कसं, मासा सागरी, व्यापार सागरी, अंतरसुद्धा सागरी. एका शब्दात काम भागतं. यांना कशाला हवीत एवढी विशेषणं?"

सून शाळेत इंग्रजी शिकवायची. ती म्हणाली, "आई, यंदा पुन्हा बसा. तयारी मी घेते."

"घे. पण तेवढा वेळ तू सून नाहीस, माझ्या बाई. चुकले तर खुशाल ओरड."

मग रोज संध्याकाळी मटार सोलता सोलता शिकवणी सुरू झाली.

"समुद्रातले जीवजंतू आले की मरीन. माणसानं समुद्रावर केलेला व्यापार, त्याचे कायदे, ते मॅरिटाइम. जहाजाला वाट दाखवतं ते नॉटिकल. आणि आरमाराचं, म्हणजे तोफा वगैरे, ते नेव्हल."

"नेव्हल म्हणजे बेंबी ना गं?" सासरे पेपराआडून म्हणाले.

"त्याचं स्पेलिंग वेगळं, बाबा."

"असं होय! मला वाटलं, म्हणूनच तोफ बेंबीच्या देठापासून ओरडते."

हसता हसता सासूबाईंच्या हातून मटार घरभर उधळले. ते वेचतानाच त्यांनी विचारलं, "आणि साधं 'सी' का नाही चालत?"

"चालतं की! सी वॉटर, सी ब्रीझ. 'सी' हे नामच, पण दुसऱ्या नामाच्या आधी उभं राहिलं की विशेषणाचं काम करतं."

परीक्षेला दोन परीक्षक होते. सासूबाई पुढे, ते मागे. देवमासा झाला, तोफ झाली, व्यापारी गलबतही पार पडलं. मात्र जुन्या नकाशापाशी आल्या आणि शब्दच हरवला. गेल्या वर्षीची फजिती डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांनी पदर सावरला आणि इंग्रजीत ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "हा सी चार्ट."

"नॉटिकल चार्ट म्हणायचंय का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"तेही बरोबर, हेही बरोबर," सासूबाई इंग्रजीतच म्हणाल्या. "सी नाम आहे, पण इथे विशेषणाचं काम करतंय. माझ्या बाईंनी शिकवलंय."

"कोण तुमच्या बाई?"

"माझी सून!"

दोघंही परीक्षक मनापासून हसले, आणि उरलेलं दालन सासूबाईंनी असं काही फिरवून दाखवलं की परीक्षकांचं घड्याळाकडे लक्षच गेलं नाही.

त्या पास झाल्या, तेही पहिल्या नंबरानं.

पुढच्या सोमवारी निळा कोट घालून त्या दारात उभ्या राहिल्या. समोर परदेशी पाहुण्यांचा घोळका होता, आणि मागे शाळेतून अर्धी रजा काढून आलेली सून. सासूबाईंनी तिच्याकडे बघून भुवई उडवली, दोन्ही दारं सताड उघडली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, "चला, माझ्या मागून या!"

सगळा घोळका निमूट त्यांच्या मागे निघाला.