धुळीतून उठलेली देवी

सिंदीजवळच्या त्या गावात मे संपत आला होता. विहिरींनी तळ गाठला होता, तरी बाया भरल्या घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. पाणी मातीवर ओतायला! बाभळीखालच्या जमिनीतून देवी वर येत होती. परवा नुसता मुकुट दिसला, आज ती नाकापर्यंत आली होती.

"माता उठून राह्यली," भस्म फासलेले महाराज गरजले. "मिरगाच्या आधीच पाऊस देते. बिनधास्त कोरड्यात पेरा. शंका घेईन त्याच्या वावरात गोटे उगवतीन."

शंका घेणारी एकटी रक्षा होती. दुष्काळात कोणतं पीक तगतं, बाजार पडला की शेतकऱ्याच्या ताटात काय उरतं, यावर ती नागपुरात अर्थशास्त्राचं संशोधन करायची. वडिलांना, डोमाजींना, ती आठवडाभर विनवत होती: सगळी सरकी धुळीत टाकू नका, थोडी ज्वारी-तूर घ्या, आधी ओल होऊ द्या. तिच्या आकड्यांपुढे डोमाजी जांभया देत आणि दगडापुढे लोटांगण घालत. तिचं डोकं फिरून गेलं होतं.

"काकू, पाणी टाकल्यावरच काऊन उठते ही?" तिने शेजारच्या शकुंतलाबाईंना विचारलं.

"तहान लागत असन."

रक्षाने कुणाचं तरी खुरपं ओढून घेतलं.

"हात जळन तुहा!" महाराज ओरडले.

"जळू द्या."

चार घाव घातले आणि देवी कलंडली. खाली टम्म फुगलेला, मोड आलेला हरभरा होता.

"काकू, उसळीसाठी गंजात हरभरा किती भिजवता?"

"अर्धा गंज."

"सकाळी?"

"गंज भरून वर येते..." शकुंतलाबाई थबकल्या. "म्हंजे आमीच उठवली काय इले?"

महाराज झोळी आवरू लागले. डोमाजी मात्र मटकन खाली बसले. "म्या त काल सारी सरकी वावरात टोबली. मूठभर नाई उरली. तू आंधी काऊन नाई सांगतलं?"

रक्षाला रडू फुटायचंच बाकी राहिलं. आठवडाभर तिने दुसरं केलं तरी काय होतं? ती गर्दीकडे वळली.

"ज्यायच्या घरी बी हाय, त्यायनं वीतभर ओल झाल्याबिगर पेरू नका. हरभरा पाण्यानं फुगते अन् सरकी पाण्याबिगर मरते, हे तुमाले माह्याहून जास्त समजते. मंग कोणी भस्म लावून आला का तेच काऊन विसरता?"

बायांनी भरल्या घागरी खाली ठेवल्या. मग शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या, "माह्याकडं थैलीभर सरकी हाय, डोमाजी. अर्धी तुमाले देतो. पण ओल झाल्यावर."